पाहुणीनं ओतलेली कॉफी

रोज सकाळी मम्मू कॉफी कपातून बशीत ओतायची, साखरेचा एक चौकोनी खडा पुढच्या दातांत धरायची, आणि बशीवर फुंकर घालून त्या खड्यातून कॉफी हळूहळू ओढून घ्यायची. तो आवाज मोठा असायचा. बशी रिकामी होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. बशी टेबलावर टेकली की ती म्हणायची, "हं. आता बोला."

मम्मू म्हणजे माझी आजी, लेम्पी हाकाला. आई तिला आइती म्हणायची. तिच्या आईवडिलांनी फिनलंडहून येताना आणलेल्या भाषेतले हाक मारायचे एवढेच दोन शब्द आमच्या घरात धड शिल्लक होते, आणि दोन्ही तिच्याच नावचे होते.

ती मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, कीविनॉत जन्मली. तिथे तांब्याच्या खाणी होत्या आणि तिचे वडील त्या खाणीत उतरायचे. खाणी बंद पडल्या तरी ही माणसं तिथून हलली नाहीत. खिडकीच्या वर चढणारा बर्फ उपसत राहिली. आजोबा लाकूडतोडीच्या कामावर गेले आणि लवकर वारले. त्यानंतर मम्मूने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि अर्ध्या गावाला जेवू घातलं. मी लहानपणी सुट्टीत गेले की दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठेही दणकट बाप्ये तिला बघून टोपी काढायचे. ती त्यांना नावाने ओळखायची नाही. "हा गाजर न खाणारा," असं म्हणायची.

तिच्यात एकच खोड होती, पण ती तिची एकटीची नव्हती, तिच्या सगळ्या माणसांची होती. आमच्यात आजारपण बरं झाल्यावर सांगतात. कुणी विचारलं कशी आहेस, तर "चाललंय" म्हणायचं. पाय मोडला असेल तर "जरा लंगडतेय" म्हणायचं. जमत नाही हा शब्द मी मम्मूच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर तिचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हासुद्धा ती म्हणाली, "ही बशी हलते. हल्ली चांगल्या बशा मिळत नाहीत." आईने तिला नव्या बशा आणून दिल्या. त्याही हलल्या.

झटक्यानंतर मिशिगन सरकारच्या देखभालीच्या योजनेतून एक बाई सकाळ-संध्याकाळ यायला लागली. आंघोळ घालायची, मोजे चढवायची, गोळ्या द्यायची. दोन वर्षं बरी गेली. मग ती बाई लग्न करून दक्षिणेकडे गेली आणि तिच्या जागी दुसरी मिळेना. रस्ता लांब, बर्फ फार, कोण येणार? आठवड्यातून कधीतरी कुणीतरी यायचं. बाकीचे दिवस शेजारचा रेइनो डोकावून जायचा. रेइनो तिच्याच वयाचा, तोंडाने फाटका आणि मनाने मऊ. मार्चमधल्या एका सकाळी तो आत आला तर मम्मू स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली.

"काय गं लेम्पी, खाली काय करतेस?"

"चमचा पडलाय शेगडीखाली. शोधतेय."

"मिळाला?"

"शोधतेय म्हणाले ना."

रेइनो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्यालाही आता गुडघे दुमडणं सोपं नव्हतं. थोडा वेळ त्याने शेगडीखाली बघितलं. मग म्हणाला, "मला वाटतं चमचा राहू दे. आपण दोघं मिळून आधी उठून बघू." हे सगळं त्याने आईला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "मार्लीन, ती तुला काही सांगणार नाही. मी सांगितलं हे तिला सांगू नकोस. पण तू ये."

आई विस्कॉन्सिनमध्ये, वॉसॉला राहायची. गाडीने चार तासांचा रस्ता, पण मधे राज्याची हद्द. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावायचं काम करायची. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघी. माझं कॉलेज त्या वसंतात नुकतंच संपलं होतं आणि पुढचं अजून ठरायचं होतं, म्हणून मी घरीच होते. आईने ठरवलं की मम्मूला वॉसॉला आणायचं. आमच्या घरापासून जवळच एक छोटा देखभालीचा बंगला होता. आठ-दहा म्हातारी माणसं, प्रत्येकाला स्वतःची खोली, चोवीस तास कुणीतरी हाताशी. आई बघून आली. एक खोली रिकामी होती, खिडकीतून भूर्जाची झाडं दिसणारी. तिथली बाई म्हणाली, "मे महिना संपेपर्यंत धरून ठेवते. पुढे नाही जमायचं."

खोलीचे पैसे आमच्याच्याने होणार नव्हते, ते सरकारी योजनेतूनच यायला हवे होते. मग आईने फोन फिरवायला सुरुवात केली, आणि तेव्हा आम्हाला कळलं की मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या त्या योजनेची, देखभाल सामानासोबत गाडीत टाकून आणता येत नाही. योजना देशाची असली तरी चालवतं ते प्रत्येक राज्य, आपापल्या नियमांनी. मिशिगनची बंद करायची, विस्कॉन्सिनमध्ये नव्याने मागायची. दोन्ही राज्यं एकाच माणसाचं एकदम करत नाहीत, आणि मधल्या काळात काय, याला कुणाकडे सरळ उत्तर नव्हतं.

"म्हणजे तिला इथे येऊन वर्षभर थांबावं लागेल?" आईने विचारलं. तिला कुणीतरी तसं सांगितलं होतं.

फोनवरची विस्कॉन्सिनच्या कचेरीतली बाई म्हणाली, "छे हो. राहायचं म्हणून ज्या दिवशी आल्या, त्या दिवसापासून त्या इथल्याच. पण पैसा किती आहे आणि गरज किती आहे, हे इकडचं राज्य नव्याने बघणार. गरज बघायला आमचं माणूस घरी येईल. आणि एक ऐका. महिनाअखेरीला निघा, म्हणजे तिकडचं महिनाभर पुरेल, आणि निघताना औषधं महिन्याची भरून घ्या."

आईने ते वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. त्या बाईचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस आई तिला दुवा देत होती.

मम्मूला पटवणं वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. तिने भांडण केलं नाही. फक्त विचारलं, "तिकडे कॉफी कशी असते?"

"इथल्यासारखीच, आइती."

"खोटं बोलू नकोस."

एप्रिलच्या शेवटी रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला असताना आम्ही निघालो. रेइनो दाराशी उभा होता. निरोपाचं काही बोलणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. "आता विस्कॉन्सिनवाली झालीस," तो म्हणाला. "थंडीत त्यांच्या संघाची ती हिरवी-पिवळी टोपी घालून फुटबॉल बघशील. तशी टोपी घालून इकडे आलीस तर दार उघडणार नाही, सांगून ठेवतो."

"तुझं दार उघडायला येतंय कोण," मम्मू म्हणाली. "कधी झाडलंयस का ते घर?"

गाडी वळेपर्यंत तो टोपी हातात धरून उभा होता. मम्मूने मागे वळून बघितलं नाही. हद्दीवरची पाटी आली तेव्हा ती झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती.

पैशाचा प्रश्न लगेच सुटला. मम्मूकडे काही नव्हतंच. कचेरीत ते ऐकून ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा गरिबी उपयोगाला आली." राहिला गरजेचा प्रश्न. तो तर आम्हाला प्रश्नच वाटत नव्हता. मम्मूला मोजे घालता येत नव्हते, बटणं लावता येत नव्हती, न्हाणीघरात एकटीला सोडता येत नव्हतं. बघणाऱ्याला दिसेल की!

पण आम्ही कुठल्या माणसांतले, हे आम्ही विसरलो. बघायला येणाऱ्या बाईचा फोन आला, मंगळवारी दुपारी येते म्हणाली, आणि घरात एकच गोष्ट कळली: पाहुणी येणार.

सोमवारी आईने खिडक्या पुसल्या. मम्मूने खुर्चीत बसून माझ्याकडून नीसू करून घेतला. नीसू म्हणजे आमच्याकडचा वेलदोड्याचा गोड पाव, तीन पेडांच्या वेणीसारखा. पीठ कितपत मळायचं हे ती कणकेला बोट लावून सांगायची. "अजून. अजून. अगं बाई, तुला हात दिलेत कशाला?" मंगळवारी सकाळी तिने निळा झगा मागितला, चर्चचा. आईने बटणं लावली. मी मोजे चढवले, केस विंचरले. चालताना धरायची चौकट तिने माझ्याकडून सोफ्यामागे ठेवून घेतली. "घरात ते लोखंड कशाला दिसायला हवं?" कॉफी आधीच करून गरम राहणाऱ्या मोठ्या किटलीत भरून ठेवली. ती टेबलाजवळच्या खुर्चीत ताठ बसली, थरथरणारा हात मांडीवर, त्यावर दुसरा हात. एखाद्या फोटोसाठी बसावं तशी.

आली ती तिशीची एक ठेंगणी बाई, पा न्या वांग. वॉसॉत ह्मोंग लोक पुष्कळ आहेत. तिचे आईवडील लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले. तिने दारातच बूट काढले, हे मम्मूला फार आवडलं.

"ये पोरी, बस. आधी कॉफी. मग तुझं काय ते."

आईने ओतली, मी पाव कापला. पा न्याने दोन तुकडे खाल्ले आणि विचारायला सुरुवात केली.

"आजी, अंघोळ तुम्ही स्वतः करता?"

"मग काय शेजारी येतो करायला?"

"कपडे घालायला कुणाची मदत लागते?"

मम्मूने निळ्या झग्याकडे बघितलं. "घातलेत की."

"पडलात का इतक्यात कधी?"

"एकदा चमचा शोधत होते."

आई म्हणाली, "आइती, खरं काय ते—"

"ही लहानपणापासून घाबरट," मम्मू पाहुणीला म्हणाली. "बदकाला भ्यायची. अजून एक तुकडा घे गं, वाळलीयस किती."

आईने पाहुणीचा कप पुन्हा भरला. पाहुण्यासमोर आईला खोटं पाडायचं नसतं. पा न्याने चालून दाखवा म्हटलं, तर मम्मू टेबल, खुर्ची, कपाट असं धरत धरत खिडकीपर्यंत गेली आणि जणू बाहेरचं बघायलाच गेल्यासारखी तिथे उभी राहिली. "छान दिसतात नाही झाडं?" पडू नये म्हणून तिने खिडकीची चौकट किती घट्ट धरली होती ते मला मागून दिसत होतं.

जाताना पा न्याला उरलेला नीसू कागदात बांधून दिला. दार लागलं, आणि मम्मू म्हणाली, "चांगली पोर आहे. आता मला निजवा." ती संध्याकाळपर्यंत झोपली.

आठ दिवसांनी पा न्याचा फोन आला. आईने तो उभ्यानेच घेतला आणि ऐकता ऐकता खाली बसली. मम्मू देखभालीच्या पातळीत बसत नव्हती. ती स्वतःचं स्वतः करते, असं त्यांना दिसलं होतं.

"पण मिशिगनने दोन वर्षं तिची देखभाल केली," आई म्हणाली. "ते कागद आहेत तुमच्याकडे."

"आहेत. म्हणूनच मला जरा कोडं पडलं," पा न्या म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. "पण जे बघितलं आणि त्यांनी जे सांगितलं तेच मला लिहावं लागतं. मार्लीनताई, माझी आजी अशीच होती. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला असायचा, आणि डॉक्टरला म्हणायची आधी जेवून घे. मी चुकीचं बघितलं असं तुम्हाला वाटत असेल तर पुन्हा बोलवा. पण या वेळी दुपारी नको. सकाळी. त्या उठतात तेव्हा. आणि काही मांडून ठेवू नका."

आईने फोन ठेवला. मम्मूने आतून विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

"म्हणते, तू ठणठणीत आहेस."

मम्मूचा चेहरा उजळला. मला तो अजून दिसतो. "बघ! सरकारचा शिक्का. रेइनोला फोन लाव."

"आइती!" आई ओरडली. मी तिला मम्मूवर ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "मे संपला की खोली जाईल. माझी रजा संपली. ही पोर उद्या नोकरीला लागली की तुला एकटीला घरात टाकून मी कामावर जाऊ? मिशिगनचं आपण बंद केलं. परत गेलीस तरी तिथे कोण आहे, रेइनो? तो काय तुला आंघोळ घालणार आहे?"

"रेइनोला स्वतःला घालता येत नाही," मम्मू म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता. मग दोघीही बोलेनाशा झाल्या. तीन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. मम्मूची बशी हलायची, टेबलावर टेकायची, पण "आता बोला" काही ती म्हणायची नाही.

शनिवारी सौना तापवली. बाबांनी मागच्या अंगणात देवदाराच्या फळ्यांची ती वाफेच्या आंघोळीची छोटी खोली बांधली होती. आमच्याकडे शनिवार म्हणजे सौना, भांडण असो की सुतक. कुणी अबोला धरला म्हणून ती चुकत नाही. आणि सौनात आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही, हे लहान मूल पहिल्यांदा आत नेतात तेव्हाच त्याला सांगतात. चर्चमध्ये झोप लागली तर चालते, सौनात खोटं चालत नाही.

आम्ही मम्मूला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं. पूर्वी ती सगळ्यात वरच्या फळीवर बसायची, जिथे वाफ कानाला चटका देते. आता खालच्या फळीवर बसवली. आई तिच्याशेजारी, मी शेगडीवरच्या तापल्या दगडांजवळ. मी डावाने पाणी टाकलं. दगड चरचरले. वाफ वर गेली आणि मग सावकाश आमच्यावर उतरली.

मग मम्मू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी चमचा पडला नव्हता."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"रेइनो यायच्या किती आधीपासून मी खाली होते ते त्याला सांगितलं नाही. बाहेर उजाडायचं होतं. मला वाटलं, हाक मारावी. पण कुणी ऐकली असती तर आलं असतं ना." ती थांबली. "मोजे मला घालता येत नाहीत, मार्लीन. एक पाय उचलला की दुसरा माझा राहत नाही. आणि न्हाणीघरात मला भीती वाटते."

आईने तिचा हात धरला. घामाने सगळ्यांचेच चेहरे ओले होते, त्यामुळे कोण रडतंय ते विचारायची गरज नव्हती.

"मग त्या मुलीला का नाही सांगितलंस?"

"परकी पोर. दारात आलेली. तिला काय म्हणायचं, ये, बस, मला धुऊन काढ?"

आई थोड्या वेळाने म्हणाली, "शाळेत काही मुलं फुकटच्या जेवणाच्या रांगेत यायला लाजायची. तू त्यांना काय म्हणायचीस?"

तिचं उत्तर आम्हाला दोघींनाही पाठ होतं. ती त्या मुलांना सगळ्यांसमोर मोठ्याने ओरडायची, "ए, लवकर ताट पुढे कर, माझं सूप खाली लागतंय!" म्हणजे मूल मागतंय असं न दिसता तिच्यावर उपकार करतंय असं दिसायचं.

"ती मुलं होती," शेवटी ती म्हणाली. आणि मला, "काय बघत बसलीस, पाणी टाक की. का विस्कॉन्सिनमध्ये पाणी पण मागून घ्यावं लागतं?"

मी टाकलं, जरा जास्तच. वाफेने तिघींनाही माना खाली घालाव्या लागल्या.

आईने पुन्हा बोलावलं, आणि पा न्या बुधवारी सकाळी आली. आईने खिडक्या पुसल्या नव्हत्या. टेबलावर कालची भांडी होती. ती पाहून मम्मूने डोळे मिटून घेतले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, फ्लॅनेलच्या झोपायच्या झग्यात, केस विस्कटलेले. एक मोजा हातात, दुसरा जमिनीवर. चौकट समोर उभी, उघड्यावर.

"सुप्रभात, आजी."

"कसली सुप्रभात. बस तिथे. खुर्चीवरचे कपडे खाली टाक."

पा न्या बसली. तिने मागच्या वेळचे प्रश्न पुन्हा विचारले नाहीत. म्हणाली, "तुमची सकाळ होऊ द्या. मी नुसती बसते."

मम्मूने मोजा पायाजवळ नेला. हात थरथरला, मोजा बोटांवरून घसरला. तिने पुन्हा नेला. आई पुढे सरकली, पा न्याने तिच्याकडे बघितलं, आई थांबली. ते बघणं माझ्याच्याने होईना म्हणून मी दाराची कडी बघत राहिले. तिसऱ्या वेळी मम्मूने मोजा मांडीवर ठेवला, नीट घडी घालून, आणि पाहुणीकडे बघितलं.

"जमत नाही," ती म्हणाली.

एवढंच. मग एकेक करून ती सगळं सांगत गेली, सपाट आवाजात. पाव भाजायच्या पायऱ्या सांगाव्यात तशी. आंघोळ. बटणं. रात्री उठावं लागणं. पहाटेची जमीन. पा न्या मान न हलवता ऐकत होती. मधे एकदा तिने खाली वाकून मोजा उचलला आणि ऐकता ऐकताच तो मम्मूच्या पायात चढवला. मम्मू क्षणभर आखडली, मग तिने पाय सैल सोडला.

स्वयंपाकघरात यायला बराच वेळ लागला. किटली शेगडीवर होती. मम्मू खुर्चीत बसली, तिने किटलीकडे बघितलं, मग पा न्याकडे. आमच्यात पाहुण्याने स्वतः कॉफी ओतून घेणं म्हणजे यजमानाची नाचक्की. पाहुणा तहानेने मरेल पण किटलीला हात लावणार नाही.

"पोरी," मम्मू म्हणाली, "ती किटली मला उचलत नाही. तूच ओत."

आई खिडकीकडे वळली.

पा न्याने ओतली. आधी मम्मूला. मम्मू म्हणाली, "बशीत. कपातून नाही जमत मला." तिने बशीत ओतली, बशी आपल्या हाताने धरून मम्मूच्या ओठांपर्यंत नेली. मम्मूने दातांत साखरेचा खडा धरला आणि तो मोठा आवाज आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा घुमला. बशी रिकामी झाली.

"हं," मम्मू म्हणाली. "आता बोला."

पा न्या हसली. "मला बोलायचं काही राहिलं नाही, आजी. आज मला सगळं दिसलं."

"मग पाव खाऊन जा. शिळा आहे."

मे संपायला चार-पाच दिवस होते तेव्हा मंजुरी आली. आई कामावरून फोन करत होती आणि तिचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका तो हलका झाला होता. दवाखान्याच्या मागच्या अंगणात जाऊन ती हसत होती. कुणीतरी विचारलं म्हणे, दात दुखतोय का. त्या संध्याकाळी ती घरी आली, बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवी झाली आणि सकाळपर्यंत उठली नाही. मम्मूने मला तिच्या अंगावर पांघरूण घालायला लावलं. "पाय पण झाक," ती म्हणाली. "लहानपणी पायच उघडे टाकायची."

मम्मू भूर्जाच्या खोलीत राहायला गेली. पहिले काही दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग तिने तिथल्या स्वयंपाकिणीला तिची कॉफी कशी पातळ आहे ते सांगितलं, आणि त्यानंतर तिला कुणी गप्प बघितलं नाही. दर रविवारी रेइनोचा फोन यायचा.

"काय गं, टोपी घेतलीस का?"

"घेतली. तुला पाठवते, कानावरून खाली ओढ, म्हणजे स्वतःची बडबड तुला ऐकू यायची नाही."

"आंघोळ कोण घालतं तुला?"

"एक पोरगी घालते. छान घालते." जरा थांबून ती म्हणायची, "तूही सांग कुणालातरी. म्हातारा झालास."

रेइनो त्यावर पुन्हा टोपीचाच विषय काढायचा. पण पुढच्या हिवाळ्यात त्याच्याकडेही कुणीतरी यायला लागलं, असं आईने सांगितलं.

पा न्या वर्षातून एकदा नियमाप्रमाणे बघायला यायची. प्रत्येक वेळी तिच्याकरता नीसूचा एक अख्खा पाव तयार असायचा. मम्मू खुर्चीत बसून सांगायची आणि स्वयंपाकीण मळायची. "अजून. अजून. हात कशाला दिलेत?" मग मम्मू पा न्याला किटली दाखवायची, आणि पा न्या न विचारता बशीत ओतायची.

दोन हिवाळे ती तिथे राहिली. तिसऱ्या वसंतात, भूर्जांना पानं फुटायच्या आधी, झोपेतच गेली. आदल्या दुपारी मी तिच्याजवळ होते. तिने साखरेचा खडा शोधला, तो बशीमागे होता. मी किटली उचलली. तिने हाताने मला थांबवलं आणि म्हणाली, "अर्धीच ओत. आज बशी फार हलतेय."